विमानातून उतरल्यावर गाडी गाठण्याची हमी

मुलाकडे अमेरिकेत काही महिने राहून परतणारे वृद्ध दांपत्य असो, की आखातातील नोकरीतून रजेवर येणारा तरुण असो, मुंबईच्या विमानतळावर उतरताच त्यांचा प्रवास संपला असे विमान कंपनीचे दफ्तर मानते. परंतु ज्यांचे घर नेवाशास, सोनईस किंवा कुकाण्यास आहे, त्यांच्या प्रवासाचा सर्वांत अनिश्चित भाग तेथूनच सुरू होतो. विमानाच्या विलंबामुळे पुढची रेल्वेगाडी चुकली, तर तिकिटाचे पैसे, रात्रीचा खोळंबा आणि नव्या वाहनाचा खर्च हे सर्व प्रवाशाच्याच पदरी पडते. आणि या मधल्या तासांची जबाबदारी कोणाचीच नसावी, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

शके 1212 मध्ये ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे परंपरा मानते, त्या नेवाशाच्या पैस खांबाच्या दर्शनास सबंध महाराष्ट्रातून माणसे येतात, आणि 1954 ते 1956 या काळात पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकळिया यांनी येथे केलेल्या उत्खननात रोमन व्यापाराच्या खुणाही हाती लागल्या. तथापि एवढ्या प्राचीन गावाच्या वाट्यास लोहमार्ग मात्र आला नाही. 1878 मध्ये खुला झालेला दौंड-मनमाड मार्ग राहुरी-श्रीरामपूरवरून, म्हणजे आमच्या पश्चिमेकडून गेला; मनमाडहून निघालेला दुसरा फाटा छत्रपती संभाजीनगरकडे वळला. त्यामुळे नेवासेकर कोणत्याही दिशेने आला तरी रेल्वेतून उतरून त्याला एस.टी. धरावीच लागते, आणि संभाजीनगरला किंवा अहिल्यानगरला उतरणाऱ्याने नेवासा फाटा गाठावा हे ठरलेलेच. श्रीरामपूरचे स्थानक रेल्वेच्या दफ्तरी बेलापूर या नावाने नोंदलेले आहे आणि दुसरे एक बेलापूर नवी मुंबईतही आहे, हे आईवडिलांसाठी परदेशातून तिकीट काढणाऱ्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

या अडचणीवर गावोगावी रूढ झालेला तोडगा म्हणजे भाड्याची गाडी. संध्याकाळी नेवाशाहून निघालेली गाडी मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी मुंबईस जाते, विमान लांबले तर चालक तसाच ताटकळत राहतो, आणि उतारूंचे सामान चढवून, डोळ्याला डोळा न लागलेल्या अवस्थेत, तो पहाटे परतीच्या रस्त्याला लागतो. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून वाट सुकर झाली हे खरे. परंतु सरळ, मोकळ्या आणि वेगवान रस्त्यावर जागरण झालेला चालक अधिकच धोक्यात असतो, आणि मागच्या आसनावर वीस तासांच्या प्रवासाने थकलेले वृद्ध आईवडील झोपी गेलेले असतात. हे चित्र मला अस्वस्थ करते. त्यांनी काही तास विश्रांती घेऊन दिवसाउजेडी रेल्वेने यावे, असे मला मनापासून वाटते.

असे येण्याची आखणी अवघड नाही, मात्र ती काळजीने केली पाहिजे. पहिला घोटाळा तारखेचा होतो: अमेरिकेतून 14 तारखेस निघून वाटेत विमान बदलणारा मनुष्य पुष्कळदा 16 तारखेच्या पहाटे मुंबईस उतरतो, आणि त्याच्यासाठी 15 तारखेचे आरक्षण करून ठेवलेले असते. दुसरा घोटाळा वेळेच्या हिशेबाचा. विमान टेकले म्हणजे प्रवासी मोकळा झाला असे नव्हे. पारपत्राची तपासणी, सामानाचा पट्टा आणि सीमाशुल्क यांत दीड-दोन तास सहज जातात. भारतीय नागरिकांसाठी व ओसीआय कार्डधारकांसाठी जून 2024 मध्ये दिल्लीस सुरू झालेली आणि पुढे मुंबईसही आलेली जलद तपासणीची योजना आहे. तिची नोंदणी आधी करून ठेवणे हिताचे. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो आरे ते कफ परेड अशी पूर्ण लांबीने धावू लागल्यामुळे विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलवरून दादरला किंवा सीएसएमटीला गाडी न बदलता पोचता येते, पण रात्री तिच्या फेऱ्या बंद असतात. म्हणून पहाटे उतरणाऱ्याने सकाळची तपोवन एक्सप्रेस गाठण्याच्या मोहात पडू नये. दुपारी सुटणारी जनशताब्दी किंवा नांदेडपर्यंत जाणारी वंदे भारत धरावी. विमानास तीन-चार तासांचा उशीर झाला तरी ती चुकत नाही, आणि संध्याकाळी संभाजीनगरला उतरल्यावर पुण्याकडे जाणारी एस.टी. मिळते.

परंतु प्रवाशाने कितीही दक्षता बाळगली तरी नियमांचीच अडचण उभी राहते. विमानाचे तिकीट लोक चार-सहा महिने आधी काढतात. रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत मात्र 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आणली गेली. ऐनवेळी तत्काळ तिकीट घ्यावे, तर जुलै 2025 पासून त्यास आधारची पडताळणी लागते, आणि तिचा ओटीपी ज्या मोबाइलवर यावयाचा तो परदेशी असलेल्या मनुष्यापाशी पुष्कळदा बंद असतो. आणि ठरावीक मुदतीत रद्द न केलेले निश्चित तिकीट, विमान आकाशातच असल्यामुळे वाया गेले, तर त्याचा परतावा मिळत नाही.

वस्तुतः न्यायाचे तत्त्व रेल्वेने स्वतःच्या कक्षेत पूर्वीच मान्य केलेले आहे. गाडी तीन तासांहून अधिक लांबली आणि प्रवाशाने प्रवास केला नाही, तर पूर्ण रक्कम परत मिळते. 1 एप्रिल 2019 पासून लागोपाठच्या दोन गाड्यांचे पीएनआर एकमेकांस जोडण्याची मुभा आहे. पहिली उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कपातीविना परत करण्याची तजवीज त्यात आहे. हीच तजवीज विमानाच्या उड्डाण क्रमांकास लागू करावी, एवढेच माझे मागणे आहे. दुसऱ्याच्या विलंबाचा भुर्दंड रेल्वेने का सोसावा, असा आक्षेप येईल, आणि तो अप्रामाणिक नाही. पण दूरच्या विमानाचा विलंब ते उतरण्याच्या कित्येक तास आधी, त्याने उड्डाण केले त्याच क्षणी कळतो. तेव्हाच ती जागा प्रतीक्षायादीतील प्रवाशास देता येईल आणि उशीर झालेल्यास पुढच्या गाडीत जागा राखता येईल. उरलेला खर्च विमान कंपनी आणि रेल्वे यांनी आपसांतील कराराने वाटून घ्यावा. जर्मनीत फ्रँकफुर्ट विमानतळाचे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक 1999 मध्ये सुरू झाले, आणि तेथे लुफ्थान्सा व डॉइशे बान एकाच तिकिटावर विमान आणि रेल्वे दोन्हींचा प्रवास देतात. विमान लांबले तर पुढच्या गाडीची सोय त्या तिकिटातच अंतर्भूत असते. थकलेल्या प्रवाशास परताव्याहूनही अधिक गरज असते ती या पुढच्या जागेची.

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमाने उडू लागली आहेत, आणि राहुरी ते शनिशिंगणापूर या नव्या लोहमार्गास मंजुरी मिळाल्याने नेवासे तालुक्यात रेल्वे येण्याची आशा निर्माण झाली आहे. परंतु तो मार्ग प्रत्यक्ष उभा राहण्यास काळ लागेल. तोवर रेल्वेने संयुक्त तिकिटाचा प्रयोग संभाजीनगरकडे जाणाऱ्या दुपारच्या दोन गाड्यांवर करून पाहावा, प्रत्येक गाडीत अशा उतारूंसाठी थोड्या जागा राखाव्यात, आणि एस.टी. महामंडळाने त्या गाड्यांच्या वेळेस जोडून संभाजीनगर स्थानकातून नेवासा फाट्यापर्यंत एक फेरी सुरू करावी. गाडी लांबली तर ती फेरी तिच्यासाठी थांबेल, असा हुकूम आगारप्रमुखांना लेखी द्यावा.