शाळेचा निकाल की पोरांचा?

गेले दोन शनिवार आमच्या घरात एकच विषय चाललाय. लेक यंदा इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, अकरावीत आहे. उन्हाळ्यात जीसीएसई (आपली दहावी समजा) आणि मग सिक्स्थ फॉर्म. म्हणजे सोळा ते अठरा वयाची दोन वर्षं. पोरं बहुतेक करून तीनच विषय घेतात, शेवटी ए-लेव्हलची परीक्षा, आणि त्या ग्रेडवर युनिव्हर्सिटी. शाळा कुठली निवडायची?

आता मी पडलो इंजिनीअर. लगेच स्प्रेडशीट उघडली. इथे १९९२ पासून सरकार शाळांच्या निकालांचे तक्ते जाहीर करतं. ए-स्टारला ६० गुण, ए ला ५०, बी ला ४०, असं करत ई ला १०. सगळ्यांची सरासरी काढायची की झाला शाळेचा आकडा. मी उतरत्या क्रमाने लावलं, वरच्या पाच शाळा पिवळ्या केल्या आणि विजयी मुद्रेने बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "अरे, पण ह्या शाळा आधीच हुशार पोरं घेतात ना?"

झालं. शनिवार गेला.

पण मुद्दा बरोबर होता. आपल्याकडे नाही का, ज्या कॉलेजची कट-ऑफच नव्वदच्या वर, ते "उज्ज्वल निकालाची परंपरा" म्हणून फ्लेक्स लावतं? अहो, नव्वदवाली पोरं घेतली आणि नव्वदवाली बाहेर काढली, तर मध्ये तुम्ही काय केलंत?

ह्यासाठीच तक्त्यात दुसरा एक आकडा असतो, प्रगतीचा. देशभरात जीसीएसईला साधारण तेवढेच मार्क असलेल्या मुलांना ए-लेव्हलला सरासरी काय मिळालं, आणि ह्या शाळेतल्या मुलांना काय, ह्यातला फरक. समजा, पहिल्या शाळेची सरासरी ४५, पण तसल्या मुलांची देशातली सरासरी ४७. दुसरीची ३३, पण अपेक्षा ३० ची. म्हणजे पहिली शाळा प्रत्येक पेपरामागे ०.२ ग्रेड मागे, दुसरी ०.३ ग्रेड पुढे. माझ्या पिवळ्या रंगात दुसरी शाळा नव्हतीच!

तरी इथेही एक गोम आहे. प्रगतीच्या आकड्याबरोबर वरची-खालची मर्यादा दिलेली असते, ती कुणी वाचत नाही. वर्गात बाराच पोरं असतील तर दोघांना परीक्षेच्या दिवशी ताप आला तरी आकडा हलतो. दोन शाळांच्या मर्यादा एकमेकींत बऱ्याच घुसत असतील तर एक सातवी आणि दुसरी बारावी म्हणण्याला काही अर्थ नाही.

आणि आकड्यावर अब्रू ठरायला लागली की माणसं आकडाच सांभाळतात. चार्ल्स गुडहार्ट ह्या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये साधारण हेच सांगितलं होतं. (कोडच्या ओळी मोजून बोनस देणाऱ्या मॅनेजरला हे कुणी सांगेल का?) २०१७ मध्ये लंडनमधल्या एका निवडक शाळेने, पहिल्या वर्षाला कमी ग्रेड पडलेल्या पोरांना दुसऱ्या वर्षाला येऊ नका म्हणून सांगितलं. पालक कोर्टात गेले, तेव्हा शाळेने माघार घेतली. म्हणून तक्त्यात किती मुलं शेवटपर्यंत टिकली तेही बघावं.

पण सगळ्यात मोठी चूक वेगळीच, आणि ती सरकारी पातळीवर झाली. २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येकाची अंदाजी ग्रेड दिली, पोरांचा क्रम लावून दिला, आणि मग परीक्षा नियामकाच्या अल्गोरिदमने शाळेचे आदल्या तीन वर्षांपर्यंतचे निकाल बघून ग्रेड वाटल्या. म्हणजे आपलं अप्रेझलचं बेल कर्व्हच की! तुमच्या टीमला गेली तीन वर्षं टॉप रेटिंग नाही, तर यंदा तुम्हालाही नाही. इंग्लंडमध्ये शिक्षकांनी दिलेल्या जवळजवळ ३९ टक्के ग्रेड खाली आल्या. अगदी छोट्या वर्गांना मात्र शिक्षकांचीच ग्रेड लागू होती, आणि त्याचा फायदा जास्त करून खाजगी शाळांना झाला. १३ ऑगस्टला निकाल, पोरं रस्त्यावर, १७ ऑगस्टला सरकारची माघार.

त्या अल्गोरिदममध्ये बग नव्हता, हे लक्षात घ्या. देशाची बेरीज नीट जमवायची हे काम त्याने चोख केलं. पण साध्या शाळेतल्या एखाद्या जबरदस्त पोरीला तुझ्या शाळेत आजवर कुणाला ए-स्टार मिळाला नाही, म्हणून तुलाही नाही, असं सांगणं हा शुद्ध अन्याय आहे.

तेव्हा माझं मत असं: शाळा तोलायच्या तर प्रगतीचा आकडा घ्या, मर्यादेसकट घ्या, गळालेली पोरं मोजा. आणि शाळेच्या मापाने एकट्या पोराला कधीही मोजू नका. आई-बापांनी तर नाहीच नाही.

असो. काल रात्री लेकीला सुधारलेली शीट दाखवली. तिने दोन मिनिटं बघितली आणि विचारलं, "बाबा, ह्यांची फिजिक्सची लॅब कशी आहे?"

तो कॉलमच नव्हता. मंगळवारी संध्याकाळी दुसऱ्या शाळेत बघायला जातोय.