पोरींनो, खोलीची चावी मागा

कुठल्याही वस्तीचं जयंतीचं पत्रक उचला. वर बाबासाहेब. खाली अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सल्लागार आणि मग डझनावारी कार्यकर्ते. सगळे बाप्ये. पोरी कुठायत? आहेत की! रांगोळीला आहेत, स्वागतगीताला आहेत, पाहुण्यांच्या हातात गुलाब द्यायला आहेत. वर्गणीला दारोदार त्याच फिरतात, कारण पोरीला सहसा कोणी रिकाम्या हाती पाठवत नाही. पावतीबुकावर सही मात्र खजिनदाराची. आणि रात्री हिशेबाला बसायची वेळ आली की या घरी भांडी घासत असतात.

मंडळाला एक खोली असते. विहाराच्या मागं, नाहीतर नाल्याच्या कडेला. तिथं कॅरम असतो, जुने बॅनर असतात, माईकचा स्टँड असतो. चावी कुणातरी दादाच्या खिशात.

1973 साली दलित पँथरचा जाहीरनामा आला. दलित म्हणजे कोण, हे सांगताना त्यात स्त्रियांचंही नाव होतं. कागदावर नाव आलं, स्टेजवर खुर्ची आली नाही. आजही किती शाखांमधे आलीय, ज्यानं त्यानं आपल्या शाखेत डोकावून बघावं. स्टेजवरून मनुस्मृतीवर आग ओकायची आणि घरी येऊन बहिणीचा मोबाईल तपासायचा, असले क्रांतिकारक आमच्या ओळखीचे आहेत. तुमच्याही असतील.

म्हणून आमचं म्हणणं आहे: वस्तीवस्तीत पोरींचा स्वतःचा गट उभा राहिला पाहिजे, आणि जिथं तो आहे तिथं प्रत्येक पोरीनं जाऊन नाव घातलं पाहिजे. 8 मार्चला उघडायची आणि 9 मार्चला मिटायची महिला आघाडी आम्हाला नको. पोरींनी चालवलेला, पोरींच्या वहीत हिशेब असलेला गट पाहिजे.

कोणी म्हणेल, शिवणक्लास आहे ना, मेंदीचा कोर्स आहे ना. असू द्या. शिवणाला आम्ही नावं ठेवत नाही. स्वतःच्या कमाईच्या चार नोटा हातात आल्या की घरातला आवाज बदलतो. पण संस्थेची गाडी येते, मशीन येतं, फोटो निघतो, सर्टिफिकेट वाटलं जातं, प्रोजेक्ट संपतो. मशीन गंजतं. पोर होती तिथंच. तिच्या ताब्यात काय आलं? काही नाही.

गटात शिकायचं ते असं. सभा चालवायची. कोण काय बोललं ते इतिवृत्तात लिहायचं. पैशाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचायचा. स्कॉलरशिपचा फॉर्म सायबर कॅफेवाल्याला पैसे न मोजता आपण भरायचा, दुसरीचाही भरून द्यायचा. 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा वाचायचा. पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घेतली की ती वाचून दाखवायची असते, तिची प्रत फुकट द्यायची असते, हे तोंडपाठ पाहिजे. नुसतं पाठ नको, सराव पाहिजे. एकीनं हवालदार व्हायचं, खेकसायचं, "उद्या ये" म्हणायचं. दुसरीनं जागची हलायचं नाही. कबड्डी, लाठीकाठी हेही पाहिजे. पोरींना मोठ्यानं ओरडायला कोणी शिकवलेलंच नसतं.

आत्मविश्वास, आत्मविश्वास म्हणतात तो क्लासची फी भरून मिळत नाही. पहिल्यांदा उभं राहिलं की पाय लटपटतात, घसा कोरडा पडतो, वाक्य अर्ध्यात तुटतं. आणि समोरच्या वीस जणी हसत नाहीत. चौथ्या वेळी तीच पोर नगरसेवकाला पाण्याच्या लाईनीबद्दल विचारते. त्या वीस जणींसाठी गट लागतो. एकटीला हे जमत नाही असं नाही, पण एकटीला त्याची किंमत फार पडते.

हे काही आम्ही आज शोधून काढलेलं नाही. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची पोर, वय चौदा. 1855 साली 'ज्ञानोदया'त तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. आमचा धर्म कोणता, असं थेट विचारलं. 1942 च्या जुलैत नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. हजारो बाया जमल्या. घटस्फोटाचा हक्क मागितला, गिरणीत-विडी कारखान्यात राबणाऱ्या बायांसाठी पगारी रजा मागितली. ठराव मांडणं, त्यावर बोलणं, तो मंजूर करणं, हे त्यांनी केलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी अशा बायांना शोधून, भेटून 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं, म्हणून निदान एवढं तरी आपल्याला ठाऊक. गटाचं पहिलं वाचन याच पुस्तकाचं करा.

आता अडचण. संध्याकाळी सहाला मीटिंग म्हटलं की पाणी सहालाच येतं. धाकटं भावंड कडेवर असतं. आई म्हणते, लोक काय म्हणतील. आईची भीती खोटी नाही. गल्लीतला दिवा महिनोन्महिने बंद असतो आणि कोपऱ्यावर कोण उभं असतं ते तिला माहीत असतं. तेव्हा पहिल्या मीटिंगला आयांनाच बोलवा. येताना-जाताना चौघी-पाचजणी मिळून चाला. दिव्याचा अर्ज हे गटाचं पहिलं काम धरा.

आणि दोस्तांनो, तुम्ही भाषण देऊ नका. मार्गदर्शनही नको. रविवारी सहाला हंडा तुम्ही भरा. भाकरी थापता येत नसेल तर पाव आणा. खोलीतला कॅरम उचलून बाहेर ठेवा आणि चावी द्या. दुसरी चावी करून द्या, म्हणजे दर वेळी मागायला नको.

पुढच्या अंकाची चार पानं आम्ही रिकामी ठेवलीत. गट काढलात, भांडलात, फसलात, जे झालं ते लिहून धाडा. वहीच्या फाडलेल्या कागदावर चालेल. शुद्धलेखन आम्ही तपासणार नाही.

जयभीम.