तोफा आहेत, तांदूळ कुठे?

आजकाल आपली मुले संगणकावर इतिहासातील लढाया खेळतात. पुष्कळ पालकांना ते आवडत नाही. शिक्षक म्हणून माझे मत निराळे आहे. या खेळांत नुसती मारामारी नसते. नकाशावरचा प्रत्येक प्रांत धान्य, इंधन, दारूगोळा देतो आणि त्यावरच सैन्य चालते. मुलांना हे कळणे चांगलेच.

पण खेळ बरोबरीचा व्हावा म्हणून सगळ्या प्रांतांचे उत्पादन सारखे करावे, असे काहीजण म्हणतात. ते मला मान्य नाही. तसे केले तर आपले सिंगापूर ब्रह्मदेशाइतका भात पिकवू लागेल!

खरा इतिहास पाहा. आपल्या बुओना व्हिस्टाला १५ इंची दोन प्रचंड तोफा होत्या. जोहोरकडून आलेल्या जपानी सैन्यापुढे त्यांचा उपयोग झाला नाही. ३१ जानेवारी १९४२ रोजी इंग्रजांनी जोहोरचा पूल उडवला, तेव्हा त्यावरून येणारी पाण्याची नळीही तुटली. पुढे बेटावरचे तलाव शत्रूच्या हाती गेले, बॉम्बने शहरातले नळ फुटले. १५ फेब्रुवारीला जनरल पर्सिव्हल शरण गेले, तेव्हा पाणी जेमतेम एक दिवसाचे उरले होते. यामाशिताचाही दारूगोळा संपत आला होता, हे त्यांना ठाऊक नव्हते.

पुढचा धडा तर याहून मोठा आहे. ब्रह्मदेश आणि इंडोचायना जपानच्या ताब्यात होते, सयाम त्याच्या बाजूला होता. भाताला तोटा नव्हता. तरीही इथल्या लोकांनी रताळी आणि टॅपिओका खाऊन दिवस काढले, कारण तांदूळ आणायला पुरेशी जहाजे नव्हती.

पानिपत आपण कसे विसरू? अंतर्वेदीत धान्य होते. पण डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदेची वाट बंद झाली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेबांचे सैन्य उपाशीपोटी लढले.

म्हणून खेळ करणाऱ्यांना माझे सांगणे आहे : शेते सारखी करू नका. ज्याच्याकडे भात नाही त्याला बंदर द्या, जहाजे द्या, कोठारे द्या, आणि ती राखण्याची काळजीही द्या. समतोल वाटेत असतो, वावरात नव्हे.

आपले बेट आजही असेच जगते. नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येते. जून २०२२ मध्ये मलेशियाने कोंबड्या पाठवणे थांबवले, तेव्हा चिकन राईसच्या दुकानांत काय चिंता पसरली ते आपण पाहिले. म्हणूनच सरकार अनेक देशांतून माल आणवते आणि तांदळाच्या व्यापाऱ्यांना साठा ठेवायला लावते.

तेव्हा पालकहो, मूल खेळत असेल तर रागावू नका. जवळ बसा आणि एवढेच विचारा : "बाळ, तुझ्या सैन्याचा तांदूळ कुठून येतो, आणि ती वाट तुटली तर तू काय करशील?"