क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ

फुटबॉल म्हटला कीं हल्लीं डोळ्यांपुढें उभे राहतात ते लक्षावधि प्रेक्षक, कोट्यवधि रुपयांचे करार आणि दूरदर्शनावर रात्र रात्र चालणारे सामने. घरांतील मुलें परदेशी संघांचीं नांवें स्तोत्रासारखीं पाठ म्हणतात. परंतु या वटवृक्षाचें बीज प्रथम कोठें रुजलें, असा प्रश्न त्यांना घालून पाहावा. बहुधा उत्तर येत नाहीं. उत्तर आहे इंग्लंडांतील शेफील्ड शहर. आपल्याकडील जुन्या घरांतून चाकू-कात्र्यांवर ज्या गांवाचें नांव कोरलेलें आढळे, तेंच हें पोलादाचें शेफील्ड.

इकडे सत्तावन्नच्या समराचा वणवा पेटला होता, त्याच वर्षीं, २४ ऑक्टोबर १८५७ रोजीं, नॅथॅनियल क्रेसविक व विल्यम प्रेस्ट या दोन क्रिकेटप्रेमी गृहस्थांनीं शेफील्ड फुटबॉल क्लब स्थापन केला. हेतु साधा होता. हिवाळ्यांत क्रिकेट बंद पडे, आणि त्या दिवसांत अंगास व्यायाम हवा. आज हयात असलेल्या फुटबॉल क्लबांत हाच सर्वांत जुना मानला जातो. पण क्लब निघाला तरी खेळावयाचें कोणाशीं? दुसरा क्लबच नव्हता. मग सभासद आपसांतच तट पाडीत. एका बाजूस विवाहित, दुसऱ्या बाजूस अविवाहित! पुढच्याच वर्षीं त्यांनीं आपले नियम लिहून काढले.

प्रतिपक्ष मिळावयास तीन वर्षें लागलीं. शहराच्या पश्चिमेस, चढावरच्या वस्तींत, सँडीगेट नांवाचें एक मैदान होतें. तेथें १८०४ पासून क्रिकेट चाले. त्याच मंडळींतून १८६० मध्यें हॅलम फुटबॉल क्लब उभा राहिला, आणि २६ डिसेंबर १८६० रोजीं सँडीगेटवर या दोन क्लबांची गांठ पडली. जमिनीवर बर्फ पसरलेलें. त्यावर खेळाडूंचे रंगीत पोशाख मोठे खुलून दिसत होते, असें तेव्हांच्या वर्तमानपत्रानें लिहून ठेवलें आहे. शेफील्डनें दोन गोलांनीं बाजी मारली. दोन क्लबांमधील फुटबॉलचा हा पहिला सामना होय.

सर्व कांहीं सौजन्यानेंच चाले, असें मात्र समजूं नये. डिसेंबर १८६२ मध्यें ब्रॅमॉल लेन येथें हेच दोन संघ पुनः भिडले असतां खुद्द क्रेसविक व हॅलमचा एक गडी यांची हातघाई झाली आणि प्रेक्षकही मैदानांत धांवले. गोल एकही झाला नाहीं. मौज अशी कीं, हा सामना होता धर्मादाय कार्यासाठीं! अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापूस येईनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, आणि तेथील उपाशी मजुरांच्या साहाय्यार्थ हा खेळ मांडला होता. त्याच कापसाच्या टंचाईनें मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या घरीं सोन्याचा पाऊस पडला, आणि १८६५ मध्यें युद्ध संपतांच शेअरांचा तो फुगा फुटून अनेक घरें बसलीं, हें आपण इतिहासांत वाचलेलेंच आहे. एका कापसाच्या बोंडानें मुंबईचा सट्टा आणि शेफील्डचा चेंडू असे जोडले जावे, हाही इतिहासाचा एक खेळच.

१८६७ मध्यें टॉमस यूडन नांवाच्या नाट्यगृहाच्या मालकानें चषक ठेवून बारा संघांची स्पर्धा भरविली. अंतिम सामन्यांत हॅलमनें नॉरफोक संघास जिंकलें, तेंही एकही गोल न करतां! त्या काळीं शेफील्डच्या नियमांत गोलाच्या दोहों बाजूंस आणखी एकेक खांब असे. त्यामधून गेलेल्या चेंडूस आक्रमकानें प्रथम हात लावल्यास ‘रूज’ नांवाचा गुण मिळे. अशा दोन गुणांवर हॅलम विजयी झाला. फुटबॉलच्या इतिहासांतील ही पहिली चषकस्पर्धा. पुढें तो चषक कित्येक वर्षें बेपत्ता होता; १९९७ मध्यें तो पुनः क्लबाच्या हातीं आला.

१८८५ मध्यें इंग्लंडांत वेतन घेऊन खेळण्यास मान्यता मिळाली आणि पैशाचा ओघ मोठ्या संघांकडे वळला. हे दोन्ही जुने क्लब मागें पडले. शेफील्डनें हौशीपणाचें व्रत धरून १९०४ मध्यें हौशी संघांचा राष्ट्रीय चषक जिंकला, एवढेंच मोठें यश.

येथून पुढें दोघांच्या दैवांत अंतर पडलें. हॅलमला सँडीगेट आहे. त्या मैदानास एका बाजूस चांगलाच उतार आहे. पण जगांतील सर्वांत जुनें फुटबॉल-मैदान म्हणून गिनेसच्या ग्रंथानें त्याची नोंद केली आहे. आणि जो सर्वांत जुना क्लब, त्याला मात्र स्वतःचें मैदान नव्हतें. आज या मैदानावर, उद्यां त्या, असे बिऱ्हाडकरू जिणें तो सुमारें दीडशें वर्षें जगला. अखेर २००१ मध्यें त्यास स्वतःची जागा मिळाली. तीही शेफील्ड सोडून, शेजारच्या डर्बीशायर परगण्यांतील ड्रॉनफील्ड गांवीं. पुढें २०११ मध्यें पैसा उभा करण्यासाठीं त्यानें आपल्या जुन्या नियमांचें हस्तलिखित व इतर कागद लंडन येथें लिलावांत काढले. त्यांस ८,८१,२५० पौंड आले. रक्कम मोठी खरी. पण घराची डागडुजी करण्यासाठीं आजोबांच्या हातची पोथी विकावी लागली, तर त्या घरच्यांना काय वाटेल, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

गीतेंत शरीरास क्षेत्र म्हटलें आहे व त्यास जाणणाऱ्यास क्षेत्रज्ञ. संस्थेचेंही असेंच आहे. नियम, नांव, अभिमान हा क्षेत्रज्ञ. पायाखालची भूमि हें क्षेत्र. आत्मा अविनाशी असेल. परंतु क्षेत्रावांचून त्यास बिचाऱ्याला वणवण चुकत नाहीं.

आपल्याकडे आपण संस्था काढतों हौसेनें, आणि भूमि गमावतों आळसानें. ज्या गांवीं आम्हीं शिकविलें, तेथील शाळेच्या पटांगणांत प्रथम एक कार्यालय आलें, मग गाळे आले. कवायतीचा तास तेवढा वेळापत्रकांत उरला. कोणी बळानें नेलें नाहीं. सभेंत ठराव आला, आणि ज्यांचीं मुलें तेथें खेळत, ते पालक त्या दिवशीं घरीं होते.

म्हणून एक विनंती. आपल्या नगरपालिकेच्या विकास आराखड्यांत क्रीडांगणासाठीं राखलेली जागा कोणती, हें वाचकांनीं एकदां जाऊन पाहावें, आणि जातांना मुलांनाही बरोबर न्यावें. परदेशी संघांचीं नांवें त्यांना पाठ आहेतच. आपल्या मैदानाचा गट क्रमांकही पाठ असूं द्यावा.