जात गाडीत बसते, दाखला फलाटावर राहतो

खेडं सोडा, शहराकडं चला. हे वाक्य आता आपल्या सभांत निव्वळ टाळीसाठी उरलंय. वक्ता बोलतो, पोरं टाळ्या पिटतात, चहा होतो, सभा संपते. मला या वक्त्यांना एकच विचारायचंय. कुठल्या शहरात? गाव सोडणाऱ्या बापाच्या डोक्यावर ट्रंक असते, बायकोच्या कडेवर लेकरू असतं. त्याला भाषण नको असतं. त्याला पत्ता पाहिजे असतो.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याची लक्तरं काढली. त्याच्या सहा वर्षं आधी, जुलै १९४२ मध्ये, नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. म्हणजे कुटुंबानं कुठं राहायचं हा त्यांच्या लेखी राजकारणाचा प्रश्न होता. आपण तो मुकादमावर सोपवून मोकळे झालो. आज आपल्या माणसाचं शहर कोण निवडतं? उचल देणारा मुकादम निवडतो. आधी गेलेला मेव्हणा निवडतो. नाहीतर जी गाडी पहिल्यांदा सुटते ती गाडीच निवडते.

दुसऱ्याचं कशाला, माझ्याच घरचं सांगतो. आम्ही लातूर जिल्ह्यातले. बाप ऊसतोडीत झिजून गेला. मी नववीला शाळा सोडली. आता कोल्हापूरकडच्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा असतो, तुटलेला धागा सांधतो, भरलेली बॉबिन काढतो. वाचायचं ते पाळी सुटल्यावर. गावात आई आहे, दहावीतली बहीण आहे, सहावीतला भाऊ आहे. जमीन नाही. गावात राहायचं नाही हे ठरलंय. कुठं जायचं यावर मात्र तीन तोंडांनी तीन गोष्टी सांगितल्या.

मुकादम म्हणाला तिरुपूर. चुलता म्हणाला सुरत. एक दोस्त म्हणाला औरंगाबाद, आता सरकारी कागदावर छत्रपती संभाजीनगर, तिथल्या वाळूजला काम बघू.

मुकादमाचं बोलणं गोड. सगळ्या घराला काम, राहायला खोली. आणि वर, "पोरीला गिरणीच्या होस्टेलात ठिवू, तीन वर्सांनी रोख रक्कम मिळंल, लगीन आपोआप हुईल."

दोस्तांनो, ही रोख रक्कम काय चीज आहे ते ऐका. तमिळनाडूच्या कोइमतूर, तिरुपूर, दिंडिगल पट्ट्यातल्या सूतगिरण्यांत हिला सुमंगली योजना म्हणत आले. गरिबाघरच्या पोरी, त्यात दलितांच्या पुष्कळ, तीनेक वर्षांच्या बोलीवर आणायच्या. गिरणीच्या आवारात ठेवायच्या. बाहेर जायला परवानगी लागते. पगारातला हिस्सा अडवून ठेवायचा आणि शेवटी लग्नासाठी म्हणून हातावर टेकवायचा. पोरगी आजारी पडून मध्येच परत गेली तर ती रक्कम बुडण्याची भीती. हुंडा घेणं-देणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. इथं पोरीचीच मजुरी अडवून तिचाच हुंडा करतात, आणि त्याला मंगल नाव देतात. बोभाटा झाल्यावर नाव मागं पडलं असेल. मुकादमाच्या तोंडात माल तोच आहे. माझी बहीण भूमिती शिकतेय. तिची बॉबिन करायला मी तयार नाही.

सुरतेचं वेगळं. चुलता खोटं बोलत नाही. यंत्रमागावर काम मिळतं. महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, ओडिया शाळाही आहेत. पण बारा बारा तासांची पाळी, आणि एकेका खोलीत इतकी माणसं की एकच खाट दिवसा एकाची, रात्री दुसऱ्याची. एकट्या गड्याचं शहर आणि कुटुंबाचं शहर यांत फरक असतो. ज्या शहरात बाप झोपू शकतो त्याच शहरात पोरगी अभ्यासाला बसू शकेल असं नाही.

बरं, हेही सोसलं असतं. पण एक गोष्ट तिन्ही तोंडांनी सांगितली नाही. मुकादम सांगणारच नव्हता, चुलत्याला माहीत नव्हती. आणि आपले वक्ते ती सांगत नाहीत याचा मला खरा राग आहे.

घटनेच्या ३४१ व्या कलमाखाली अनुसूचित जातींची यादी राज्यागणिक वेगळी असते, आणि ती त्या त्या राज्यापुरतीच चालते. आंध्रातला एक पोरगा वडिलांच्या नोकरीपायी लहानपणी मुंबईत आला, इथंच शिकला. गावाकडं त्याला अनुसूचित जमातीचा दाखला मिळालेला. मुंबईच्या मेडिकल कॉलेजात त्यानं राखीव जागा मागितली. १९९० साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं, एका राज्यातला दाखला दुसऱ्या राज्यात सवलतीसाठी चालणार नाही. १९९४ ला तेच पुन्हा सांगितलं. वर हेही, की जातीचं नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असलं तरी बाहेरून आलेल्याला ते लागू नाही. २०१८ ला पुन्हा पाच न्यायमूर्तींनी तेच कायम केलं. केंद्र सरकारच्या नोकरीत आपला हक्क देशभर राहतो. पण त्या राज्याची नोकरी आणि त्या राज्याच्या कॉलेजातली जागा, इथं आपला कागद म्हणजे रद्दी.

आता हिशोब करा. १९५६ ला आपण बौद्ध झालो. केंद्राच्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. आणि त्याच १९९० साली कोर्टानं सांगितलं, दाखला आहे खरा, पण हद्द ओलांडू नका.

आणि जात? जात कुठल्या हद्दीवर थांबते? ती आपल्या आधी डब्यात चढते आणि आपल्या आधी उतरते. खोलीमालक आधी भाडं सांगत नाही, आधी आडनाव विचारतो. भाषा कळो न कळो, आडनावाचा वास त्याला बरोबर येतो. इथं कोल्हापूरकडं मला स्वतःला दोन घरांतून "खोली कालच गेली" असं ऐकावं लागलं, आणि त्या खोल्यांना पुढं महिनाभर कुलूप होतं. राज्यातल्या राज्यात ही गत. मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठानं २०२३ मध्ये मान्य केलं की अॅट्रॉसिटीच्या कायद्याचं संरक्षण माणसाबरोबर देशभर जातं, ते जन्मराज्यात अडकून राहत नाही. म्हणजे मार खाताना आपण देशभर दलित. जागा मागताना मात्र परप्रांतीय. रेशनचं कार्ड २०२२ पर्यंत देशातल्या सगळ्या राज्यांत चालू झालं. तांदूळ हद्द ओलांडतो. पोरीची शाळा ओलांडत नाही.

कुणी म्हणेल, तिथल्या दलितांच्या ताटातलं आपण का ओढायचं? बरोबर प्रश्न आहे. तमिळनाडूतल्या परैयर, अरुंधतियर पोरांचा घास मला नकोय. त्यांच्याही नरड्याशी तोच फास आहे. आणि आपल्या राज्यात तरी काय वेगळं? माझ्या शेजारच्या खोलीत कर्नाटकातून आलेलं दलित कुटुंब आहे. त्यांची पोरगी इथल्या शाळेत पहिली येते आणि इथल्या यादीत तिचं नाव नाही. म्हणून मागणी अशी करा, की कामासाठी राज्य सोडणाऱ्या दलित-आदिवासींच्या लेकरांसाठी केंद्रानं वेगळ्या जागा, वेगळी वसतिगृहं, वेगळा पैसा द्यावा. स्थानिकांचं एक शीतही न काढता. देशाला आपले हात देशभर पाहिजेत, तर आपला हक्कही देशभर पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूच्या शहाण्यांकडं वळतो. ते म्हणतात, गाव सोडणं हा पळपुटेपणा, तिथंच राहा आणि लढा. हे म्हणणारे स्वतः कुठं राहतात ते बघा. खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाकडं जमीन होती, पोरं शिकत होती, बाई मागं हटत नव्हती. २९ सप्टेंबर २००६ ला घरातले चौघं मारले गेले. आपली घरं बोटावर मोजण्याइतकी असलेल्या गावात "लढा" म्हणणाऱ्यानं आधी तिथं एक रात्र मुक्काम करावा.

म्हणून शहर म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. वरळीची १९७४ ची दंगल शहरातलीच. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली, तेही मुंबईतच. पण तिथं वस्ती होती. मेलेल्यांची नावं दाबता आली नाहीत, कारण सांगायला हजारो तोंडं होती. गावातल्या एकट्या घराला तेवढंही मिळत नाही. शहर निवडताना आधी हे बघा, की रात्री दार वाजलं तर आपल्या हाकेला किती दारं उघडतील.

बाबासाहेबांच्याच घराकडं बघा ना. सुभेदार रामजींनी १९०४ साली साताऱ्याहून बिऱ्हाड मुंबईला हलवलं. परळच्या चाळीतली एक खोली. गिरणगावातली दाटी, धूर, कलकलाट. खोली बघून कुणी शहर निवडलं असतं तर ही निवडली नसती. रामजींनी शाळा बघितली. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये गेले. पुढं १९१७ ला परदेशातून शिकून ते वडोद्याला नोकरीला गेले. नोकरी मोठी, पण शहरात राहायला जागा नाही. पारशी नाव लावून एका सरायीत उतरले आणि थोड्याच दिवसांत लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. पगार देणारं शहर घर देईलच असं नाही, हे त्यांनी अंगावर घेतलेलं आहे. आणि पुढं जेव्हा शहर निवडण्याची पाळी त्यांच्यावर आली तेव्हा निजामी राजवटीत पिचलेल्या मराठवाड्यासाठी त्यांनी १९५० ला औरंगाबादेत मिलिंद कॉलेज काढलं. जिथं आपली माणसं सगळ्यांत मागं, तिथं त्यांनी कॉलेज नेलं.

आमच्या घरात हे सगळं बोलून झालं. आई म्हणाली, "माझं काय, मी कुठं बी राहीन. पोरीची शाळा बघ." एवढ्या एका वाक्यात मुकादम हरला. बहिणीची परीक्षा झाली की आम्ही औरंगाबादला जातोय. तिरुपूरपेक्षा हातात कमी पडेल. मला ओळखीचं खातं सोडून नवं काम शिकावं लागेल. चुलता रुसलाय. पण तिथं बहिणीचा दाखला चालतो, समाजकल्याणच्या वसतिगृहाला अर्ज करता येतो, नागसेनवन आहे, वस्तीत विहार आहे, आणि आडनाव सांगून भाड्यानं मिळणारी खोली दोस्तानं बघून ठेवलीय.

माझं शहर तेच तुमचं, असं नाही. ज्याची लेकरं शाळेच्या वयाची नाहीत त्यानं खुशाल लांब जावं, पैसा आणावा. पण डोळे उघडे ठेवून जावं.

म्हणून तरुणांना माझं सांगणं. जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं छापता तशी प्रत्येक शाखेनं एक वही घाला. आपल्या शहरात आडनाव लपवल्याशिवाय खोली कुठल्या गल्लीत मिळते. कुठल्या कारखान्यात युनियन जिवंत आहे. वसतिगृहाचे अर्ज कधी निघतात. आजोबांचा शाळेचा दाखला, १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या रहिवासाचा पुरावा, गाव सोडण्याआधीच काढून ठेवा हे कोण सांगतं. तहसिलात हेलपाटे घालायला बरोबर कोण येतं. हे सगळं त्या वहीत उतरवा आणि या पानांवर छापायला पाठवा. नव्या बिऱ्हाडाला घ्यायला स्टेशनवर एक माणूस उभा करा.

मुकादमाचा माणूस तिथं रोज उभा असतो. आपला का नसावा?

जय भीम.