अक्षर मोठे करा, मग अर्ज भरा

मागे आम्ही शुक्रवार पेठेतील एका घरी गेलो, तेव्हा मुलगी संगणकावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत होती. विड्या वळणारी आई शेजारीच होती, पण पडद्यावरचे बारीक अक्षर तिला दिसेना. आम्ही कंट्रोलचे बटण धरून अधिकचे चिन्ह दोन-तीनदा दाबले. अक्षर मोठे झाले. (कंट्रोल धरून शून्य दाबले की पूर्ववत.)

मग जातीच्या दाखल्याची फाईल उघडून, विंडोजच्या चिन्हाचे बटण धरून डावा बाण दाबला. दाखला डाव्या अर्ध्यात बसला. अर्जाची खिडकी तशीच उजव्या बाणाने उजवीकडे नेली. दाखल्याच्या क्रमांकातील उलटे पडलेले दोन आकडे आईनेच पकडले! एक खिडकी झाकून दुसरी उघडताना अशा चुका हमखास होतात, आणि अर्ज परत येतो.

मेनू मराठीत हवा असल्यास सेटिंग्जमधील 'टाइम अँड लँग्वेज' येथे मराठी भाषा जोडता येते. तरी शिकत्या मुलांसाठी आम्ही तो इंग्रजीच ठेवू, कारण कॉलेजात तोच समोर येतो. दुकानातल्या संगणकावर मात्र मालकाला विचारल्याशिवाय हे बदल करू नयेत.