घरचा हिशेब : टेन्शन मशीनचे, बोलणी मुलीला



आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाने २०२३ मध्ये कर्ज काढून एका सुईचे कॉम्प्युटर भरतकाम मशीन घेतले. विहाराशेजारच्या खोलीत ते बसवले. दहावीनंतर घरीच असलेली एक मुलगी ते चालवायला शिकली. २०२४ च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी गटाला ६० पांढऱ्या पिशव्यांची ऑर्डर मिळाली. प्रत्येक पिशवीवर निळ्या दोऱ्याने आठ आऱ्यांचे धम्मचक्र भरायचे होते. पहिल्या २० पिशव्या छान उतरल्या. मग निळ्या भरणीत पांढरे ठिपके दिसू लागले, दोरा तुटू लागला. थांबेपर्यंत १७ पिशव्या बिघडल्या.

पिशवी ४० रुपयांची. म्हणजे ६८० रुपये गेले. बैठकीत एकच गलका झाला. कोणी म्हणाले, मुलीचे लक्ष नाही. कोणी म्हणाले, तिचा हातच चांगला नाही. एक बाई तर मशीनला नजर लागली, लिंबू-मिरची बांधा, म्हणाली. घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या, आणि तोंडात लिंबू-मिरची! शेवटी ठरले, मुलीच्या मजुरीतून पैसे कापायचे. गटाची वही माझ्याकडे असते. "ताई, तेवढे लिहून टाका," म्हणाल्या. मुलगी खाली मान घालून बसली होती.

मी पेन उचलले आणि तसेच ठेवले. ऑफिसात ताळेबंद जुळला नाही, तर आम्ही आधी चुकीची नोंद शोधतो. इथे तर कोणी पिशवी उलटी करूनही पाहिली नव्हती.

विहारात रोज येणारे एक आजोबा १९८२ च्या संपापर्यंत मुंबईच्या गिरणीत सूतखात्यात होते. त्यांना बोलावले. त्यांनी पहिल्यांदा पिशवी उलटी केली आणि मुलीला विचारले, "पोरी, तू काय काय केलंस ते सांग. घाबरू नको."

भरतकामात दोन दोरे असतात. वरचा रंगीत आणि खालचा बॉबिनचा, बहुधा पांढरा व बारीक. वरचा दोरा थोडासा खाली ओढला गेला पाहिजे. म्हणून उलट बाजूने पाहिले, की भरणीच्या पट्टीच्या मधोमध सुमारे एक तृतीयांश भाग पांढरा आणि दोन्ही कडांना रंगीत दोरा दिसावा. ही चांगल्या टाक्याची खूण. पांढरी पट्टी फार रुंद झाली किंवा सुलट बाजूला ठिपके आले, तर वरचा दोरा जास्त घट्ट आहे, नाहीतर खालचा ढिला आहे. उलट बाजू सगळी रंगीत झाली, दोऱ्याचे फास दिसू लागले, तर वरचा ढिला आहे.

मुलीने ठिपके पाहिले आणि घट्ट केल्याने काम नीटनेटके होईल असे समजून वरचे टेन्शन ४ वरून ६ वर नेले. तिथे रोग वाढला. खरे कारण खाली होते. बॉबिन केसवर दोरा दाबून धरणारी पातळ पट्टी असते. तिच्याखाली तूस अडकले होते. पट्टी उचलली गेली, खालचा दोरा ढिला पडला आणि वर येऊ लागला. आजोबांनी जाड कागदाचा कोपरा पट्टीखालून फिरवला. चिमूटभर तूस बाहेर आले. सुई बदलली, आकडा परत ४ वर आणला, आधी चिंधीवर भरून पाहिले. ठिपके गेले!

ज्यांच्या घरी किंवा गटात असे मशीन आहे, त्यांनी हा क्रम लिहून ठेवावा.

१. प्रथम सुई बदला. बोथट किंवा वाकडी सुई दोरा तोडते. नेहमीच्या भरतकामाच्या दोऱ्याला ७५/११ नंबरची सुई चालते.

२. वरचा दोरा पूर्ण काढून परत ओवा. ओवताना प्रेसर फूट वर हवा. तो खाली असला, की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा आत बसत नाही आणि खाली फास पडतात.

३. बॉबिन काढून ब्रशने तूस झाडा. तोंडाने फुंकू नका, तूस आत जाते.

४. धातूची सुटी बॉबिन केस असेल, तर भरलेल्या बॉबिनसह ती दोऱ्याने लोंबकळत धरा. हलका झटका दिल्यावर इंच-दोन इंच खाली येऊन थांबली, तर ठीक. सरसर खाली गेली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचा तर घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटांत चालावे तेवढाच. आधीची जागा पेनाने खूण करून ठेवा. बॉबिन वरून टाकायचे प्लॅस्टिकचे मशीन असेल, तर तो स्क्रू सहसा हलवू नका.

५. हे सारे झाल्यावरच वरच्या टेन्शनला हात लावा. एका वेळी एकच बदल, तोही त्याच कापडाच्या चिंधीवर, तोच बॅकिंग पेपर लावून. जरीच्या दोऱ्याला टेन्शन कमी आणि मशीनचा वेग मंद ठेवा.

६. वही घाला. कापड, दोरा, सुई, टेन्शनचा आकडा आणि निकाल लिहा. पुढच्या ऑर्डरला ती वही कामाला येते.

भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला, तो आपण वर्षावासात ऐकतो. तार फार ताणलेली नको, फार सैलही नको. आपले मशीन दुसरे काय मागते?

काम झाल्यावर आजोबा म्हणाले, "माझ्या बापाला साचेखात्यात घेत नव्हते." तरुण मुलींना हे ठाऊक नसते, म्हणून सांगते. साच्यावर कापड विणताना शटलमधली कांडी संपली, की नव्या कांडीचा दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला दोरा इतरांना चालत नसे. त्यामुळे जास्त मजुरीचे ते खाते आपल्या माणसांना बंद होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला.

आपल्या वाडवडिलांना न तपासताच नालायक ठरवले गेले. आज मशीन आपले, दोरा आपला, गटही आपला. मग आपणही आपल्या मुलीला न तपासताच बाजूला बसवायचे का?

त्या ६८० रुपयांची नोंद मी वहीत 'शिकण्याचा खर्च' म्हणून केली, गटाने ती मान्य केली. ठिपक्यांच्या पिशव्या आम्ही बायकांनी भाजीसाठी वाटून घेतल्या. उरलेली ऑर्डर त्याच मुलीने वेळेत पुरी केली. आता नव्या मुलींना ती पहिला धडा देते : आधी कापड उलटे करून बघ.

जय भीम!